गळती शोधण्याची मजुरी

गाडीच्या डिकीत पाणी साचू लागलं की आपल्याकडे तीन उपाय ठरलेले असतात. रबराचं बीडिंग बदलायचं, सिलिकॉन फासायचं, आणि तेवढ्यानेही भागलं नाही तर स्टेपनीच्या खड्ड्याला भोक पाडून पाणी खाली सोडून द्यायचं. तिन्ही उपाय करताना पाणी कुठून येतंय हे मात्र कुणी शोधलेलं नसतं. माझं म्हणणं साधं आहे. या कामात गळती शोधणं हेच मुख्य काम आहे. त्याला वेळ लागतो. त्या वेळेची मजुरी गॅरेजवाल्याने उघडपणे मागावी आणि गाडीवाल्याने ती कुरकुर न करता द्यावी. आज दोघंही तसं करत नाहीत, म्हणून दर पावसाळ्यात चांगल्या गाड्यांचा पत्रा आतून खाल्ला जातो.

मी पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात मोटारींच्या कारखान्यात नोकरी केली आणि त्यातली बरीच वर्षं शॉवर टेस्टवर काढली. तयार गाडी लाइनवरून उतरली की तिला एका लांबट, बंदिस्त खोलीतून नेतात. तिथे वरून आणि चहूबाजूंनी नोझलमधून पाण्याचा मारा होतो. गाडी बाहेर आली की आम्ही टॉर्च घेऊन आत शिरायचो. कार्पेटच्या कडा, दारांच्या खालची बाजू, टेललाइटच्या मागची जागा, स्टेपनीचा खड्डा, सगळीकडे हात फिरवायचा. डोळ्याला न दिसणारी ओल बोटांना कळते. ओल लागली की गाडी बाजूला जायची. कागदावर नुसतं ‘डिकीत ओल’ असं लिहून चालत नसे. पाणी कुठून शिरलं हा रकाना भरल्याशिवाय आमचे सुपरवायझर सही करत नसत. या रकान्याची सवय मला त्या कामाने लावली आणि निवृत्तीनंतर गावी आल्यावर तोच रकाना सगळीकडे कोरा दिसू लागला.

गाडी गळते कशी, हे आधी समजून घ्यायला हवं. गाडीची बॉडी म्हणजे दाबून आकार दिलेले पत्रे एकमेकांना जोडून केलेला सांगाडा. हे जोड स्पॉट वेल्डिंगचे असतात. एका गाडीत असे ३००० ते ५००० ठिपके असतात. पत्रे ठिपक्यापाशी घट्ट जुळतात, पण दोन ठिपक्यांच्या मध्ये फट उरतेच. ही फट बंद करायला प्रायमरच्या हौदातून बाहेर आलेल्या बॉडीवर प्रत्येक जोडावर पीव्हीसी सीलरची पट्टी ओढतात आणि ती ओव्हनमध्ये भाजून पक्की करतात. पाणी अडवण्याचं खरं काम ही पट्टी करते. ती कार्पेटखाली, मोल्डिंगखाली, बंपरमागे झाकलेली राहते. गाडी विकत घेताना तिच्याकडे कुणी बघत नाही आणि अपघातानंतर गाडी दुरुस्त करतानाही फारसं कुणी बघत नाही.

माझा भाचा देवरुखला शिक्षक आहे. त्याने एक सेडान जुनी घेतली. पहिल्याच आषाढात डिकीत कुबट वास येऊ लागला. मुलांच्या वह्यांचा गठ्ठा भिजला तेव्हा त्याने कार्पेट उचललं, तर स्टेपनी पाण्यात. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथे डिकी गळत असेल तर चार महिने ती कधी वाळतच नाही. पहिल्या गॅरेजने डिकीचं बीडिंग बदललं. दुसऱ्याने टेललाइटभोवती आणि मागच्या काचेभोवती सिलिकॉन थापलं. तिसऱ्याने ड्रिल मशीन घेतलं आणि खड्ड्याच्या तळाला भोक पाडून दिलं. तिघांनी पैसे घेतले आणि पाणी येतच राहिलं.

भाच्याला वेगळीच धास्ती होती. “मामा, ही गाडी चिपळूणच्या पुरातली तर नसेल?” असं त्याने विचारलं. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीच्या पुरात चिपळुणात शेकडो गाड्या बुडाल्या हे कोकणात कुणीच विसरलेलं नाही, आणि बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून कुठे कुठे विकल्या जातात हेही सगळ्यांना ठाऊक आहे. मी सगळे सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिले. पुरातला गाळ बारीक असतो. तो बेल्टच्या गुंडाळीत, सीटच्या रुळांमध्ये, डॅशबोर्डच्या मागे जाऊन बसतो आणि कितीही धुतलं तरी पुरता निघत नाही. इथे बेल्ट स्वच्छ होते, पुढची कार्पेटं कोरडी होती आणि डिकीतलं पाणीही नितळ होतं. म्हणजे हे पावसाचंच पाणी.

मग मी त्याला विचारलं की पाणी रोज येतं की कधी कधी. हा प्रश्न त्याला आधी कुणीच विचारला नव्हता. थोडा विचार करून तो म्हणाला, शाळेच्या पटांगणावर गाडी दिवसभर भिजते तरी कोरडी असते, घरी रात्रभर उभी राहिली की पाणी येतं. त्याच्या घराचं अंगण उताराचं आहे आणि गाडी तो तोंड वर करून लावतो. अर्धं उत्तर तिथेच मिळालं. गाडीचं नाक वर असलं की छपराच्या पन्हळीतलं पाणी मागे धावतं आणि मागच्या काचेच्या कोपऱ्यापाशी तुंबतं. सपाटीवर ते पुढेमागे वाटलं जातं.

तरीही अंदाजावर हत्यार उचलायचं नाही, हा नियम मी सोडत नाही. डिकी पूर्ण रिकामी केली. कार्पेट, त्याखालचा फोम, बाजूंचे प्लॅस्टिकचे ट्रिम, स्टेपनी, जॅक, सगळं बाहेर काढलं. पत्रा फडक्याने पुसून पंख्याच्या वाऱ्यावर कोरडा केला. जोडांवर आणि खड्ड्याच्या उतरणीवर शाळेतल्या खडूची पूड भुरभुरली. पाण्याचा एक ओघळ जरी आला तरी पुडीत रेघ उमटते. मागच्या सीटची पाठ पाडून भाचा टॉर्च घेऊन आत आडवा झाला, मी बाहेर बागेची नळी धरली. डिकीत माणूस असताना मागची सीट उघडी असलीच पाहिजे, आणि लहान मुलाला या कामाला आत घालायचं नाही, हे सांगून ठेवतो.

पाणी ओतायचं ते खालून वर. लोक उत्साहाने छपरावर नळी धरतात. वरचं पाणी खालच्या सगळ्या जागा एकदमच भिजवतं आणि मग कुठली जागा गळकी हे कळायचा मार्ग उरत नाही. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंपही नको, तो धडधाकट रबराच्या कडेतूनही पाणी आत घुसवतो. हलक्या धारेने आधी बंपरच्या कडेला, मग नंबर प्लेटच्या दिव्याशी, मग टेललाइटभोवती, मग डिकीच्या झाकणाखालच्या पन्हळीत, मग मागच्या काचेच्या खालच्या कडेला. प्रत्येक ठिकाणी थांबायचं, आतल्याला विचारायचं, कोरडं आहे म्हणाला तरच वर सरकायचं. या घाई न करण्यातच सगळं कसब आहे. पत्र्याच्या पोकळीतून वाट काढून पाणी खाली यायला कितीतरी मिनिटं घेतं.

आमच्या नळीने बंपर, टेललाइट, झाकण, काच असा सगळा प्रवास केला आणि खडूची पूड कोरडीच राहिली. बीडिंग आणि सिलिकॉनवर खर्च केलेले पैसे कुठे गेले ते तिथेच कळलं. शेवटी छपराच्या उजव्या पन्हळीत, काळ्या मोल्डिंग पट्टीच्या मागच्या टोकाला धार धरली. बराच वेळ काही नाही. मग भाचा आतून ओरडला, “मामा, चाकाच्या वरून येतंय!” उजव्या चाकाच्या कमानीवरून एक बारीक रेघ पूड कापत खड्ड्याकडे निघाली होती. पाणी शिरत होतं छपरापाशी आणि साठत होतं स्टेपनीखाली. कौलारू घरात राहिलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. कौल फुटतं आढ्याजवळ, पाणी वाशावरून घरंगळतं आणि थेंब पडतो पाच हात लांब, भिंतीपाशी.

मोल्डिंग पट्टी काढली तेव्हा खाली जोडात केसासारखी चीर दिसली, तिच्या कडेला गंजाचा तांबूस डाग. पण जोडात सीलर नव्हता, लांबी होती. गाडीला आधीच्या मालकाकडे असताना उजवीकडून धडक बसली होती. क्वार्टर पॅनल कापून नवं वेल्ड केलेलं होतं आणि छपराच्या जोडावर सीलर ओढण्याऐवजी लांबी भरून वरून रंग मारला होता. लांबी खड्डे बुजवायला उत्तम. पण ती वाळली की ताठ होते. गाडी खड्ड्यांतून, घाटातून जाताना बॉडी सतत थोडीथोडी पिळत असते. जोडावरचा सीलर त्या हालचालीबरोबर ताणतो आणि पूर्ववत होतो. लांबी तडकते. रंगकाम मात्र सुंदर होतं, बाहेरून बोट ठेवायला जागा नव्हती.

मला राग येतो तो इथे. डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानांत उत्तम हाताचे कारागीर आहेत. चेपलेलं पॅनल असं काढतात की आरशासारखी चमक येते. पण आपण त्यांना पारखतो ते फक्त त्या चमकेवर. रंग जुळला का, फिनिश आला का, गाडी कधी मिळणार. आतल्या जोडावर सीलर पडला का, हे विचारणारा गाडीवाला मी क्वचितच पाहिला. दिसतं त्याचे पैसे मिळतात आणि दिसत नाही त्याचे मिळत नाहीत, असं असेल तर न दिसणारं काम बाद होणारच. दोष एकट्या कारागिराचा नाही. मात्र जोडात लांबी भरणं हे चुकीचं काम आहे आणि ते करणाऱ्यालाही ते माहीत असतं.

दुरुस्तीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. जुनी लांबी खरवडून काढली, गंज घासून पत्रा उघडा केला, प्रायमर मारला, बॉडीचा पॉलियुरेथेन सीलर ओढला, तो पुरता सुकू दिला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा पाणी धरून पाहिलं. कोरडं. सीलरची नळी काही शे रुपयांची होती. सगळा वेळ शोधण्यात गेला.

सिलिकॉनविषयी मात्र सांगायला हवं, कारण ते हार्डवेअरच्या दुकानात हाताशी मिळतं आणि सगळ्यांचा त्यावर विश्वास असतो. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सुकताना अॅसिटिक अॅसिड सोडतं. उघड्या पत्र्यावर ते लावलं तर त्याच्याखालीच गंज धरतो. शिवाय सिलिकॉनवर रंग बसत नाही, आणि पुढे योग्य सीलर लावायचा म्हटलं तर आधी त्याचा कण न् कण काढावा लागतो. न्हाणीघरातल्या फरशीचं साहित्य गाडीच्या जोडाला लावायचं नसतं. टेललाइटला त्याचं स्वतःचं गॅस्केट असतं किंवा ब्यूटाइल टेप चालते, काचेला पॉलियुरेथेन लागतं.

तळाला भोक पाडणं तर मला गुन्ह्याइतकं वाईट वाटतं. खड्ड्याला कारखान्यातूनच रबरी बूच दिलेलं असतं. पाणी तात्पुरतं काढायला ते पुरतं. ड्रिलने पाडलेल्या भोकाच्या कडेला ना प्रायमर ना रंग, ती पहिल्याच पावसात गंजायला लागते. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे त्या भोकातून रस्त्यावरची धूळ, पाण्याचे फवारे आणि सायलेन्सरचा धूर आत ओढला जाऊ शकतो. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. मागच्या सीटवर मुलं झोपलेली असतात. भाच्याच्या गाडीचं ते भोक आम्ही कडा साफ करून, प्रायमर मारून, तुकडा बसवून बंद केलं.

उलटही होतं. बंद करायला नको ते बुजवलं जातं. मागच्या बंपरच्या आड दोन्ही बाजूंना रबरी झडपांच्या जाळ्या असतात, दार लावताना आणि पंखा चालू असताना आतली हवा बाहेर जायला. झडप वाकडी झाली की तिथून पाणी येतं आणि मग कुणीतरी ती जाळीच सीलबंद करून टाकतं. दारं लावताना जोर पडतो, काचांवर धुकं धरतं आणि कारण कुणाला कळत नाही. झडप बदलायची असते.

याहून गंभीर गोष्ट सीएनजीच्या गाड्यांची. पुण्या-मुंबईत आणि आता लहान शहरांतही डिकीत सिलिंडर असलेल्या गाड्या किती आहेत ते आपण पाहतोच. सिलिंडरच्या व्हॉल्व्हवरच्या आवरणापासून निघणाऱ्या नळ्या डिकीच्या तळातून बाहेर काढलेल्या असतात. गॅस सुटलाच तर तो डिकीत न कोंडता बाहेर जावा यासाठी. बाहेरून किट बसवताना ही भोकं नीट सील केली नाहीत तर चाकांनी उडवलेलं पाणी तिथून वर येतं. अशा वेळी नळीच्या बाहेरून सील करायचं असतं, नळीचं तोंड बुजवायचं नसतं. पाणी थांबवायच्या नादात ते तोंड बुजवलं तर गळलेला गॅस आतच राहील. सिलिंडरची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी करावी लागते, पण सिलिंडरखालच्या पत्र्याकडे आणि ब्रॅकेटच्या बोल्टकडे मधल्या काळात कोण बघतं? सिलिंडरमुळे तिथे हातही पोचत नाही. सीएनजीवाल्यांनी डिकीतल्या ओलाव्याकडे दुर्लक्ष करू नये, आणि हे काम परवानाधारक किट फिटरकडूनच करून घ्यावं.

बाकीचे संशयित थोडक्यात. बल्ब बदलताना टेललाइटचे नट जास्त आवळले की गॅस्केट दबून फाटतं. रिव्हर्स कॅमेऱ्याची वायर बाहेरून बसवताना पाडलेल्या भोकाला रबर घातलेलं नसतं. स्पॉयलरचे स्क्रू, अँटेनाचं बूड. सनरूफ असेल तर तिच्या कोपऱ्यांतून निघणाऱ्या नळ्या पालापाचोळ्याने तुंबतात. आंब्याखाली गाडी लावणाऱ्यांनी मोहोराच्या दिवसांनंतर त्या जरूर साफ करून घ्याव्यात. हॅचबॅकमध्ये पाऊस नसतानाही ओल येत असेल तर मागच्या वायपरला पाणी नेणारी नळी सांध्यातून निसटलेली असते.

आता मजुरीकडे येतो. गॅरेजवाल्याशी बोलून पाहा. तो सांगेल की साहेब, दोन तास नळी धरून बसलो आणि शेवटी एक चीर सापडली तर बिल कशाचं लावू? गिऱ्हाईक म्हणतं, केलंत काय, नुसतं बघितलंत. त्यापेक्षा बीडिंग बदललं की पार्टचे पैसे मिळतात, मजुरी मिळते आणि गिऱ्हाईकाला नवीन वस्तू दिसते. त्याचं हे गणित मला पटत नसलं तरी कळतं. घरी वॉशिंग मशीन बघायला येणाऱ्याला आपण व्हिजिटचे पैसे देतो, मशीन त्याच्या हातून दुरुस्त झालं नाही तरी देतो. गाडीच्या बाबतीत मात्र शोधण्याची किंमत शून्य धरतो. भाच्याने तीन ठिकाणी मिळून जे पैसे घातले त्यात एका जाणत्या माणसाचा अख्खा दिवस विकत मिळाला असता आणि गळती पहिल्याच आठवड्यात सापडली असती.

उशिराची किंमत वेगळीच असते. ओला फोम बुरशी धरतो, तीच हवा गाडीतल्या माणसांच्या छातीत जाते. काही गाड्यांत बॅटरी डिकीत असते, वायरींचे जोड तर बहुतेकांत असतात. जॅक गंजून जाम होतो आणि नेमका घाटात पंक्चर झाल्यावर ते कळतं. कोकणच्या खाऱ्या हवेत उघडा पडलेला पत्रा किती झपाट्याने जातो ते इथल्या कुठल्याही गॅरेजात बघायला मिळेल.

म्हणून गाडीवाल्यांना विनंती आहे. डिकीत पाणी दिसलं तर गॅरेजमध्ये जाऊन ‘बीडिंग बदला’ असं सांगू नका. ‘पाणी कुठून येतं ते शोधा, शोधण्याचे पैसे देतो, जागा मला दाखवा आणि मगच काम करा’ असं सांगा. पाणी कधी येतं, गाडी कशी उभी असताना येतं, हे आधी स्वतः टिपून ठेवा. अपघाताची गाडी परत घेताना रंगासोबत जोडांवरच्या सीलरची चौकशी करा आणि तुमच्यासमोर पाणी मारून दाखवायला सांगा. जुनी गाडी घेताना डिकीचं कार्पेट उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात हात फिरवा.

आणि गॅरेजवाल्यांना एवढंच सांगणं आहे की भिंतीवरच्या दरपत्रकात ऑइल बदलणे, ब्रेक साफ करणे यांच्या खाली आणखी एक ओळ लिहा : पाणीगळती शोधणे, तासाचा दर अमुक. जॉब कार्डावर ‘पाणी कुठून शिरलं’ हा रकाना छापा, तो भरून गिऱ्हाईकाच्या हाती द्या आणि त्याचे पैसे ताठ मानेने मागा.